मानमोडी आणि फाटकावरची पाटी

गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी बार्शीबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आत्याला भेटावयास गेलो होतो. फाटकावर पाटी होती: ‘सर्दी, खोकला, ताप असल्यास कृपया आत येऊ नये.’ मला सर्दी होती. डबा सेविकेच्या हाती देऊन परतलो. पण मन खट्टू झाले. सणासुदीला आपल्याच माणसाला भेटावयाचे नाही, हा कसला नियम? घरी येता येता आजीच्या तोंडचा एक जुना शब्द आठवला: मानमोडी.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. आजीचे दोन धाकटे दीर त्या साथीत चार दिवसांच्या अंतराने गेले. साथीची पहिली चाहूल मुंबईस लागली. १० जून १९१८ रोजी तेथे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. सबंध हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली.

ही साथ आगगाडीच्या वाटेने देशभर पसरली. बार्शीला कुर्डुवाडीशी जोडणारी आमची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे ती पंढरपूरला आणि लातूरलाही पोहोचली. साथरोगांचा कायदाही त्याच १८९७ सालचा, प्लेगच्या धास्तीने झालेला. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. त्याचा उपयोगही होई, कारण तो रोग घरातल्या उंदरांवरच्या पिसवांतून येई. मानमोडी श्वासातून येत होती. रानात गेले तरी श्वास बरोबरच जाणार! शिवाय या रोगाचे विषाणू ताप चढण्यापूर्वी एक दिवस आधीच बाहेर पडू लागतात. धडधाकट दिसणारा माणूसच तो घेऊन येतो.

मग उपाय नव्हताच का? पॅसिफिक महासागरातल्या सामोआची हकीकत पाहण्याजोगी आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूझीलंडहून ‘तलुने’ नावाची बोट पश्चिम सामोआत आली. आजारी उतारूंना कोणी अडविले नाही. तेथली सुमारे एकपंचमांश वस्ती मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी बंदराची वाट रोखून धरली. तेथे एकही मनुष्य या रोगाने दगावला नाही.

वृद्धाश्रम हेही एक बेटच आहे. आतली माणसे बाहेर जात नाहीत. रोग येतो तो आमच्यासारख्यांच्या पायांनी. १९१८ मध्ये तरणीताठी माणसे फार गेली, पण एरवीच्या इन्फ्लुएन्झाचा घाव म्हाताऱ्यांवरच पडतो. तथापि फाटक कायमचे बंदही ठेवता येत नाही. २०२० मध्ये ते महिनोन् महिने बंद राहिले, तेव्हा एकटेपणाने माणसे कशी झुरतात हे आपण पाहिले. आणि अंघोळ घालणाऱ्या, घास भरविणाऱ्या सेविका तर रोज घरून ये-जा करणारच.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये हाती लागला आणि पुढे लस आली. वृद्धांच्या शरीरात लस मंदपणे काम करते. म्हणून त्यांच्याबरोबरच भोवतालच्यांनीही ती घ्यावी, हा विचार पुढे आला. ग्लासगोमधील वृद्धांच्या दीर्घकालीन इस्पितळांत १९९४-९५ च्या हिवाळ्यात याची परीक्षा झाली. जेथे सेवकवर्गाला लस देऊ केली, तेथे शंभरांत दहा वृद्ध दगावले, इतरत्र सतरा. हा फरक सर्वस्वी लशीचाच का, याबद्दल पुढे विद्वानांत वाद झाला.

आपल्याकडे ही साथ पावसाळ्यात बळावते. म्हणून यंदा वैशाखातच मी व्यवस्थापकांना विचारले, ‘सेविकांना लस दिली का?’ ते म्हणाले, ‘पाटी रंगवायला पैसे लागले नाहीत हो, लशीला लागतात.’ आम्ही काही नातेवाइकांनी वर्गणी काढली. गणपतीच्या वर्गणीपेक्षा ती कमीच भरली. सेविकांनी लस घेतली, आम्हीही घेतली.

पाटी अजून फाटकावर आहे. परवा आत्याकडे गेलो, तेव्हा आत शिरण्याआधी तिने खिडकीतूनच विचारले, ‘काय रे, सर्दी नाही ना?’ मला राग आला नाही.