पडद्यावरची रेषा सुधारली, पेशंट मात्र गेला

आयसीयूच्या काचेबाहेर कधी उभे राहिला असाल तर आठवत असेल, आपल्याला तिथलं दुसरं काही कळत नाही. नजर असते ती मॉनिटरवरच्या हिरव्या रेषेवर. ती एका लयीत धावली की जीव भांड्यात पडतो. मंडळी, मोठमोठे डॉक्टरसुद्धा बरीच वर्षं याच रेषेवर विसंबून होते. त्या भरवशाची किंमत किती पडली, त्याची ही गोष्ट. थोडं लांबलंय, पण वाचा.

सुरुवात होते आपल्या आजीच्या ओळखीच्या औषधाने, म्हणजे हिवतापावरच्या कोयनेलने. 1912 साली एक डच व्यापारी वेंकेबाख नावाच्या नामांकित हृदयतज्ज्ञाकडे गेला. त्याची नाडी वेडीवाकडी चालायची. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मला ठाऊक आहे, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा नाडी घड्याळासारखी! त्याने एक ग्रॅम कोयनेल घेतलं होतं. पुढे 1918 मध्ये फ्राय या डॉक्टरांनी दाखवलं की त्याच सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडीन याहून जास्त गुणकारी आहे. हृदयाची लय सुधारणारं औषध असं एका पेशंटने डॉक्टरला शिकवलं. पण काही वर्षांतच दिसू लागलं, की हेच क्विनिडीन काही जणांत जीवघेणी लय सुरूही करतं. म्हणजे इशारा तेव्हाच मिळाला होता.

दुसरं औषध तुमच्याही ओळखीचं आहे. दाढ काढताना हिरडी बधिर करतात ते झायलोकेन, म्हणजे लिडोकेन. 1943 मध्ये स्टॉकहोमला लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी ते तयार केलं. नस बधिर होते, तसं हृदयाचं बिथरलेलं स्नायूही शांत होतं, हे पुढे लक्षात आलं. 1960 च्या दशकात हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी वेगळे वॉर्ड निघाले, प्रत्येक खाटेशी मॉनिटर आला आणि पहिल्यांदाच डॉक्टरांना चोवीस तास ठोके दिसू लागले. मधूनच एखादा ठोका अवेळी पडायचा. असे ठोके जास्त, त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हेही खरं होतं. मग हिशेब सरळ वाटला: ठोके दाबा, माणूस वाचेल. अटॅक आला की लिडोकेन सुरू, लय बिघडण्याची वाटही बघायची नाही.

घरी जाणाऱ्यांसाठी गोळ्या आल्या. अमेरिकेत 1985 मध्ये फ्लेकेनाइडला आणि पाठोपाठ एन्केनाइडला मंजुरी मिळाली. अवेळी ठोके जवळजवळ पुसलेच जायचे. ईसीजी बघून डॉक्टर खूश, पेशंट खूश.

पण माणसं खरंच जास्त जगतात का? हा प्रश्न तपासायला 1987 मध्ये ‘कास्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. ज्यांचे ठोके या गोळ्यांनी दबतात असं आधी पडताळलं होतं, अशांनाच घेतलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. यावर काही डॉक्टर चिडले. गुणकारी औषध हातात असताना पेशंटला खोटी गोळी द्यायची, हे पाप नाही का?

एप्रिल 1989 मध्ये चाचणीचा हा भाग घाईने थांबवावा लागला. अंतिम आकडे असे: औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, खोटी गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. दुपटीहून जास्त! आणि ईसीजी? तो छानच होता.

थोडं थांबून विचार करा. ही चाचणी झाली नसती तर एकाही डॉक्टरला कळलं नसतं. अटॅक येऊन गेलेला माणूस अचानक गेला, तर आपण काय म्हणतो? ‘हृदयच कमजोर होतं हो, औषधं तर चालू होती.’ गोळीवर संशय घ्यायचं कुणाला सुचलं असतं?

लिडोकेनचंही तसंच झालं. सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की सरसकट दिल्याने हृदयाचं जीवघेणं थरथरणं साधारण एक तृतीयांशाने घटतं, पण मृत्यू काही घटत नाहीत. कल उलट वाढीकडेच. ती पद्धत मागे पडली.

मग आज इमर्जन्सीत काय वापरतात? शॉक देऊनही थरथर थांबली नाही तर अमिओडारोन किंवा लिडोकेन. पण आता भरवसा तपासून. 2016 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या रुग्णवाहिकांमधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 3026 पेशंटची. जिवंत घरी गेले ते असे: अमिओडारोन 24.4 टक्के, लिडोकेन 23.7, नुसतं सलाइन 21. फरक इतका लहान, की तो योगायोगाचाही असू शकतो.

एक गोष्ट मात्र नजरेत भरली. ज्यांना कोसळताना जवळच्या कुणी पाहिलं होतं, त्यांच्यात दोन्ही औषधांनी शंभरात सुमारे पाच जण जास्त वाचले. बघणारा असला की फोन लवकर जातो, छाती लवकर दाबली जाते, आणि औषध पोचेपर्यंत शरीरात धुगधुगी उरलेली असते.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, फ्लेकेनाइड आजही योग्य पेशंटला दिलं जातं, तेव्हा ही पोस्ट वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘रिपोर्ट सुधारेल का’ एवढ्यावर थांबू नका. ‘माणूस जास्त जगेल का’ हेही विचारा. औषध असो वा सरकारी योजना, सुधारलेला आकडा आणि सुधारलेलं आयुष्य यात अंतर असतं.

दोन, कुणी कोसळला, हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर 108 लावा आणि छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. रुग्णवाहिकेतलं इंजेक्शन कितीही चांगलं असलं, तरी ते येईपर्यंतची मिनिटं आपल्याच हातात असतात. गणपती मंडळात, सोसायटीत, शाळेत एकदा सीपीआरचं शिबिर घ्या. कोसळणारा माणूस कदाचित आपल्याच घरचा असेल.