तेलाचा पापुद्रा

११ सप्टेंबर १९४७ रोजी 'रेइना देल पॅसिफिको' ही ब्रिटिश प्रवासी बोट उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणी देत होती. १९३१ पासून ती लिव्हरपूलहून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जात असे. आपल्या इतिहासाशीही तिचा एक धागा जुळतो. ज्यांच्या १९३२ च्या जातीय निवाड्यातून पुढे पुणे करार घडला, ते ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड ९ नोव्हेंबर १९३७ रोजी याच बोटीवर वारले. महायुद्धात तिने सैन्य वाहिले आणि युद्ध संपल्यावर ती बेलफास्टला हारलँड अँड वोल्फच्या गोदीत दुरुस्तीसाठी आली. दुरुस्ती झाली, चार डिझेल इंजिने पुन्हा सुरू झाली आणि चाचणीच्या वेळी एका इंजिनातला एक पिस्टन बेसुमार तापला. त्यातून जो स्फोट झाला तो एका इंजिनापुरता राहिला नाही. चारही इंजिनांचे क्रँककेस फुटले. २८ माणसे गेली. त्यांत बोट दुरुस्त करणाऱ्या कारखान्याची माणसे होती.

पिस्टन तापणे आणि सिलिंडरमध्ये अडकणे हा डिझेल इंजिनाचा जुनाच आजार. आपल्या बंदरांवर त्याला 'इंजिन जाम झालं' म्हणतात, शिकलेला फिटर 'सीझ झालं' म्हणतो. आजार एका यंत्राचा असला तरी त्याचे निदान आणि उपचार शिकायला माणसाला शंभरावर वर्षे लागली, आणि त्यातला बराचसा भाग माणसे मेल्यावर किंवा बोटी भर समुद्रात बंद पडल्यावरच शिकला गेला. समुद्रावरच्या डिझेल इंजिनाचा इतिहास आपण सहसा वेग, ताकद आणि बचत यांच्या आकड्यांत वाचतो. तोच इतिहास पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या, काही मायक्रॉन जाडीच्या तेलाच्या पापुद्र्याच्या बाजूने वाचला, तर वेगळा दिसतो.

धुराड्याविना बोट

'डिझेल' हे माणसाचे आडनाव आहे हे आता पेट्रोलपंपावर कुणाच्या ध्यानीही येत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट मिळवले. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि आत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटेल, ही त्याची मूळ कल्पना. आपल्या इंजिनाला पाण्याने थंड करण्याची गरज पडणार नाही, असा त्याचा सुरुवातीचा हिशेब होता. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या यंत्रात इंधन सोडले, तेव्हा दाब मोजणारे उपकरणच फुटले. पुढच्या आवृत्तीत सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले. कागदावरच्या उष्णतेला जागा लागत नाही. लोखंडातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट लागते. १७ फेब्रुवारी १८९७ च्या अधिकृत चाचणीत या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता.

फेब्रुवारी १९१२ मध्ये डेन्मार्कची 'सेलँडिया' कोपनहेगनहून बँकॉकच्या वाटेला लागली. बुर्माइस्टर अँड वाइनने बांधलेल्या या बोटीत प्रत्येकी आठ सिलिंडरची दोन डिझेल इंजिने होती. तिला धुराडेच नव्हते. बोट लंडनला थांबली असता विन्स्टन चर्चिल ती पाहायला गेले होते. कोळसा ओढणारे, भट्टीत टाकणारे, राख उपसणारे हात या बोटीला नको होते. आगीपुढे घामाने निथळत काम करणाऱ्या माणसांच्या पिढ्यांची त्यातून पुढे सुटका झाली, हे खरे. पण कोळशाची बोट थांबायची तेव्हा बहुधा आधी कुरकुरायची. वाफ कमी पडायची, वेग उतरायचा. डिझेल इंजिन रोगी असूनही शेवटच्या घटकेपर्यंत धडधाकट वाटू शकते. ते जाम होते तेव्हा काही मिनिटांत होते. म्हणून नव्या इंजिनखोलीत खांद्याच्या ताकदीपेक्षा कानाची, नाकाची आणि तळहाताची किंमत वाढली.

जाम होणे म्हणजे काय

पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो, पण दोहोंनी एकमेकांना स्पर्श करायचा नसतो. मध्ये तेल असते. हा पापुद्रा तुटला की धातू धातूवर घासतो, घासलेली जागा तापते, टोके वितळून एकमेकांना चिकटतात आणि उखडतात. लहान इंजिनांत पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि लायनर बिडाचा असतो. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. थंड पाण्याचा पुरवठा तुटला की पिस्टन फुगून भिंतीला आवळला जातो. पापुद्रा तेल कमी पडल्याने तुटतो, तेलात पाणी शिरल्याने तुटतो, पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची पाती झिजल्याने तुटतो. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची एक पिशवी चिकटली तरी पुरते.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट: चालण्याने नव्हे, तर न चालण्याने जाम होणे. आपल्या किनाऱ्याला हा प्रकार परका नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सरकारी कर्जे आणि अनुदाने यांच्या आधारे कोकणातल्या मासेमारी होड्यांवर डिझेल इंजिने चढली. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये उभी राहिली होती. डिझेल इंजिन देशात बनू लागले होते. शिडाला वारा लागायचा तो फुकट. इंजिनाबरोबर डिझेलचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि मिस्त्री हे तिघे घरात आले. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऐन पावसाचे ते ६१ दिवस ससून डॉकपासून हर्णे, मिरकरवाड्यापर्यंत होड्या उभ्या. एखाद्या सिलिंडरचा झडपमार्ग उघडा राहिलेला असतो, त्यातून खारी दमट हवा आत जाते आणि रिंगांच्या कडेने लायनरला गंज धरतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास किल्ली फिरवावी, तर नुसता 'टक्' आवाज. गेल्या हंगामात नीट चाललेले इंजिन या हंगामात हलत नाही, आणि नाखवाचा हप्ता मात्र थांबलेला नसतो.

उलटतपासणी

जाम इंजिनापुढे बसलेला जाणता मिस्त्री पाना नंतर हातात घेतो; आधी विचारतो. चालता चालता बंद पडले की उभे असताना अडकले? बंद पडण्याआधी आवाज जड झाला होता का? धूर कसला होता? निकासातून पाणी पडत होते का? इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रांना जे विचारतो तेच हा लोखंडाला विचारतो, आणि साक्षीदार खोटे बोलू शकतो हे दोघांनाही ठाऊक असते. 'तेल कालच बघितलं होतं' ही साक्ष तर प्रत्येक बंदरावर मिळते.

मग क्रमाने एकेक संशयित सोडून द्यायचा. गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवला आणि इंजिन मोकळे फिरले, तर दोष इंजिनाचा नाही. पंख्यात दोर किंवा जाळे गुंतले असेल, किंवा गिअरबॉक्सच अडकला असेल. त्यानंतर नोझल काढून फ्लायव्हील हाताने हळूच फिरवून पाहायचे. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, तर पिस्टन चिकटलेला नव्हता, पाण्यावर अडला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा मारणारा माणूस चांगला कनेक्टिंग रॉड वाकवतो आणि हजारांचे काम लाखांवर नेतो. पुढची साक्ष तेलाची: दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, बोटांवर घेतल्यावर उन्हात चमचमले तर बेअरिंगचा धातू झिजून त्यात उतरला आहे, करपट वास आला तर ते जळले आहे.

शेवटी हेड उतरते. पिस्टनवर चहूबाजूंनी ओरखडे असतील तर संशय थंडाव्यावर जातो. ज्या बाजूने पिस्टन भिंतीवर रेलतो तिथेच उभे ओरखडे असतील तर तेलावर. कारण सापडण्याआधी नवा पिस्टन बसवणे म्हणजे पुढच्या जाम होण्याची तारीख ठरवणे. इम्पेलरचे तुटलेले पाते पाण्याच्या नळीत कुठेतरी अडकून राहिलेले असते. ते शोधून काढले नाही, तर नव्या इम्पेलरनेही पाणी पुढे सरकत नाही.

उपचारात हाताला सबुरी लागते. गंजाने धरलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल ओतून ते मुरू द्यायचे, कधी एक दिवस, कधी आठवडा. मग फ्लायव्हीलला पहार लावून दोन्ही दिशांना अगदी थोडे थोडे हलवायचे. वरून ठोकायचेच असेल तर लाकडाचा ठोकळा ठेवून. सुटल्यावर लायनर घासून त्यावर तिरप्या बारीक रेघांची जाळी काढतात, कारण आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही. खोल चरे पडले असतील तर लायनर ओढून काढून नवा बसवावा लागतो, आणि क्रँक मायक्रोमीटरने मोजावा लागतो. याला अपवाद एकच. खाऱ्या पाण्यात बुडून वर काढलेल्या इंजिनाला सबुरी मारक ठरते. ते त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, तेल भरून फिरते करावे लागते, नाहीतर हवा लागताच गंज कामाला लागतो.

मोठ्या जहाजावर भर समुद्रात एक सिलिंडर निकामी झाला, तर आणखी एक जुनी युक्ती आहे. त्या सिलिंडरचे इंधन तोडायचे, गरज पडली तर पिस्टन उपसून काढून उघड्या वाटा बंद करायच्या, आणि उरलेल्या सिलिंडरांवर वेग कमी करून बंदर गाठायचे. जहाज लंगडते, पण घरी येते.

स्वस्त इंधनाची किंमत

एवढे ज्ञान जमल्यावर आजार संपायला हवा होता. तसे झाले नाही, कारण दर काही दशकांनी इंधन बदलत गेले. १९४६ पासून जॉन लँब या अभियंत्याने 'ऑरिक्युला' या तेलवाहू जहाजावर डिझेल इंजिनात बॉयलरचे जाड, स्वस्त तेल जाळून दाखवले. जहाजमालकांना ते वरदान वाटले. पण त्या तेलात गंधक होते. ते जळून सिलिंडरच्या भिंतीवर गंधकाम्ल तयार होई आणि लायनर झपाट्याने झिजत. १९५० च्या दशकात त्यावर उतारा निघाला: सिलिंडरला दिले जाणारे तेलच अल्कधर्मी करायचे, म्हणजे आम्ल जागीच मरते.

पुढे तेलाचे भाव भडकले, तेव्हा शुद्धीकरण कारखाने कच्च्या तेलातून जास्तीत जास्त पेट्रोल आणि डिझेल पिळून घेऊ लागले. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उत्प्रेरकाची कठीण भुकटी तळाच्या गाळात, म्हणजे जहाजांच्या इंधनात, येऊ लागली. अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे हे कण लायनरमध्ये रुतून काचकागदासारखे काम करतात. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅमवर आणली. जहाजावर गाळून ती आणखी बरीच खाली आणावी लागते. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातले गंधक ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आले. हवेसाठी हे चांगलेच झाले. पण जिथे जुने कडक अल्कधर्मी तेल चालू राहिले, तिथे मारायला आम्लच उरले नाही. उरलेला क्षार पिस्टनच्या माथ्यावर थरांनी साचून तेलाचा पापुद्रा खरवडू लागला. काल जे औषध होते तेच आज विष ठरले. स्वस्त इंधनाने मालकाचा जो पैसा वाचला, त्यातला काही इंजिनखोलीतल्या माणसांनी सिलिंडर उघडण्याच्या रात्रींत फेडला.

थांबण्याचे शास्त्र

'रेइना देल पॅसिफिको'च्या चौकशीने एक गोष्ट पक्की केली. तापलेल्या भागावर पडलेले तेल वाफ होते आणि ती वाफ क्रँककेसमध्ये थंड होऊन तिचे पांढुरके धुके बनते. हवेशी योग्य प्रमाण जमले की तोच तापलेला भाग त्याला पेटवतो. पहिल्या स्फोटाने दारे उडाली की ताजी हवा आत ओढली जाते आणि दुसरा स्फोट पहिल्याहून मोठा होऊ शकतो. आज मोठ्या इंजिनांच्या क्रँककेसला स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, आणि तेलाच्या धुक्याचा वास घेणारी किंवा बेअरिंगचे तापमान सांगणारी यंत्रणा आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केली आहे.

पण त्या यंत्रणेची घंटा वाजल्यावर माणसाने काय करायचे, हे शिकवणे अधिक कठीण गेले. वेग उतरवा, इंजिन थांबवा, तेलाचा पंप चालू ठेवा आणि दार उघडू नका. निदान वीस मिनिटे तरी दूर राहा. इंजिनावर प्रेम करणाऱ्या माणसाला ही वीस मिनिटे फार लांब वाटतात. आत काय मोडले हे पाहावेसे वाटते, वरून कप्तान विचारत असतो, किनाऱ्यावरचे कार्यालय विचारत असते. नियमाने ती वाट पाहणे आता अभियंत्याचा अधिकार केले आहे, आणि त्या अधिकारामागे २८ माणसे उभी आहेत.

रेइना १९४८ मध्ये पुन्हा समुद्रावर गेली आणि दहा वर्षे चालली. १९५८ मध्ये ती भंगारात निघाली.