कॅथलिक प्रवचन आणि चर्चचा अध्यापनाधिकार

कॅथलिक चर्चच्या उपासनेत, विशेषतः रविवारच्या मिस्सामध्ये, शुभवर्तमानाच्या वाचनानंतर धर्मगुरू जे शास्त्रविवरण करतो त्याला प्रवचन म्हणतात. प्रवचनकार स्वतःचे मत मांडत नसून चर्चच्या वतीने बोलतो, अशी कॅथलिक धर्मशास्त्राची भूमिका आहे. शिकवण देण्याच्या या अधिकाराला लॅटिनमध्ये 'माजिस्तेरियम', तर मराठीत अध्यापनाधिकार असे म्हणता येते. हा अधिकार पोप आणि त्यांच्याशी ऐक्यात असलेले बिशप यांच्याकडे असतो. धर्मग्रामाच्या, म्हणजेच पॅरिशच्या, धर्मगुरूकडे तो स्वतंत्रपणे नसतो. तो बिशपांचा सहकारी म्हणून शिकवतो. त्यामुळे भाविकांना शिकवण समजावताना ती काय आहे हे सांगण्याबरोबरच ती किती बंधनकारक आहे हेही सांगणे त्याच्या कामाचा भाग ठरते.

प्रवचनाचे स्वरूप

मराठी वाचकाला 'प्रवचन' या शब्दाने प्रथम वारकरी परंपरा आठवते. तेथे निरूपणासाठी ओवी किंवा अभंग वक्ता निवडतो. कॅथलिक प्रवचनकाराला अशी निवड सहसा नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये लागू झालेल्या वाचनक्रमानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक यांचे शुभवर्तमान वाचले जाते. योहानाचे शुभवर्तमान प्रामुख्याने पुनरुत्थानकाळात येते. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या छोट्या धर्मग्रामात आणि रोममध्ये त्या रविवारी साधारणपणे एकच उतारा वाचला जातो. आपल्या आवडीच्याच विषयांवर बोलत राहण्याच्या प्रवचनकाराच्या सवयीला या व्यवस्थेने आपोआप लगाम बसतो.

१९८३ च्या चर्च-कायद्याच्या संहितेतील कलम ७६७ नुसार मिस्सामधील प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठी राखीव आहे. रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी लोकांसह होणाऱ्या मिस्सामध्ये ते गंभीर कारणाशिवाय वगळता येत नाही. कलम ७६६ प्रापंचिकांना काही परिस्थितींत चर्चमध्ये उपदेश करण्याची मुभा देते, मात्र मिस्सामधील प्रवचनाची जागा त्यांना मिळत नाही.

शिकवणीचे स्तर

चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट सारख्याच वजनाची असते, हा समज भाविकांमध्ये आणि चर्चबाहेरही आढळतो. प्रत्यक्षात अध्यापनाधिकाराचे निरनिराळे स्तर आहेत. १९८९ च्या श्रद्धाप्रतिज्ञेच्या अखेरीस जोडलेल्या तीन परिच्छेदांत ते स्पष्ट केले आहेत. धर्मग्रामाचा कार्यभार स्वीकारताना धर्मगुरूला ही प्रतिज्ञा घ्यावी लागते.

पहिल्या स्तरावर ईश्वराने प्रकट केलेली सत्ये येतात, उदाहरणार्थ त्रैक्य किंवा ख्रिस्ताचे पुनरुत्थान. त्यांना श्रद्धेची पूर्ण संमती अपेक्षित असते. दुसऱ्या स्तरावर प्रकटीकरणाशी निगडित आणि निर्णायकपणे मांडलेली शिकवण येते. तिसऱ्या स्तरावर पोप व बिशप यांची नित्य शिकवण येते. ती अंतिम व्याख्येच्या स्वरूपात नसली तरी बुद्धी व इच्छा यांचा आदरपूर्वक स्वीकार मागते. याच्या पलीकडे एखाद्या धोरणाविषयी किंवा तात्कालिक घटनेविषयी केलेले व्यवहारविवेकाचे मतप्रदर्शन असते. त्याबाबत प्रामाणिक मतभेदाला जागा राहते.

पोपची अस्खलनशीलता ही संकल्पना सर्वांत जास्त गैरसमजांची धनी आहे. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने तिची व्याख्या केली. पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, संपूर्ण चर्चवर बंधनकारक असा निर्णय जाहीर करतात तेव्हाच ती लागू होते. या व्याख्येनंतर हा अधिकार या औपचारिक रीतीने एकदाच वापरला गेला, तो १ नोव्हेंबर १९५० रोजी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धान्त घोषित करताना. पोपची मुलाखत, पत्रकारांशी झालेला संवाद किंवा खाजगी मत यांचा या संकल्पनेशी संबंध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात असेही नमूद केले, की अध्यापनाधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे.

गोव्यातील आरंभ

धर्मग्रामात लोकांना समजेल अशा भाषेत शिकवले पाहिजे, हा आग्रह ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) धरला. परिषदेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेली रोमन धर्मप्रश्नोत्तरी मुख्यत्वे धर्मग्रामाच्या धर्मगुरूंसाठीच तयार केलेली होती. गोव्याची पहिली प्रांतिक धर्मसभा १५६७ मध्ये भरली. ख्रिस्ती नसलेल्या रहिवाशांच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीने प्रवचनाला सक्तीने हजर करण्याची व्यवस्थाही पोर्तुगीज सत्तेने याच काळात केली. शिकवणीचा अधिकार आणि राजसत्तेचा दंड येथे एकमेकांत मिसळले होते. गोव्यातील प्रवचनपरंपरेचा इतिहास ही बाब वगळून सांगता येत नाही. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येत नाही, हे तत्त्व चर्चने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत निःसंदिग्धपणे मांडले.

१६०६ च्या पाचव्या प्रांतिक धर्मसभेने धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूंना स्थानिक भाषेचे ज्ञान आवश्यक ठरवले. या वातावरणात इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. साष्टीतील राशोल येथे १६१६ मध्ये ते छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, मात्र या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी धर्मशिक्षण ऐकणारा एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? श्रोत्याच्या या मागणीला उत्तर म्हणून पुढची कथा उलगडते. म्हणजे प्रश्नोत्तरीतील सिद्धान्त लोकांना पुरेसे वाटत नव्हते, त्यांना कथा आणि छंद हवे होते, याची जाणीव ग्रंथाच्या रचनेतच आहे. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होत असे. स्टीफन्स यांची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

अध्यापनाधिकाराच्या दृष्टीने फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील मराठी पुराणही महत्त्वाचे आहे. ते १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापले गेले. पोप हे पेत्राचे उत्तराधिकारी मानले जातात. तरीही 'ख्रिस्तपुराणा'च्या तुलनेत हा ग्रंथ मराठी अभ्यासकांकडून बराच उपेक्षित राहिला आहे.

२७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम काढला. १६०६ च्या धर्मसभेने जे धर्मगुरूंकडून अपेक्षिले होते ते आता उलटे होऊन लोकांवर आले. प्रवचनकाराने श्रोत्याची भाषा शिकण्याऐवजी श्रोत्याने प्रवचनकाराची भाषा शिकावी, असा त्याचा अर्थ होता.

वसई आणि विदर्भ

मिस्साची भाषा लॅटिन असण्याच्या काळातही प्रवचन लोकभाषेत होऊ शकत असे. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने संपूर्ण मिस्सालाच लोकभाषेचे दार उघडले आणि प्रवचन हा उपासनेचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले. मराठी उपासनेचे सर्वांत सघन क्षेत्र वसई हे आहे. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता. भारतीय बिशपांच्या परिषदेच्या सिद्धान्तविषयक आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. सिद्धान्ताचा रक्षक आणि तुकारामांचा अभ्यासक एकाच व्यक्तीत असणे ही मराठी कॅथलिक जीवनातील लक्षणीय घटना म्हणावी लागेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २५ जुलै २०२४) यांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईच्या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी झालेल्या आंदोलनातही ते अग्रभागी होते. निसर्गाची निगा आणि दुर्बलांचा न्याय ही चर्चची सामाजिक शिकवण आहे. एखाद्या विशिष्ट बांधकाम-आराखड्याला विरोध करावा की नाही हा मात्र नागरिकाचा विवेकनिर्णय असतो. धर्मगुरू दोन्हींविषयी बोलू शकतो, पण दोन्हींना सारखेच वजन देऊ शकत नाही.

विदर्भाची स्थिती वेगळी आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेला नागपूर धर्मप्रांत १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. भंडारा जिल्हा, आणि अर्थातच त्यातील शहापूर, याच्या कक्षेत येतो. या भागात कॅथलिक लोकसंख्या विरळ आहे.

वादाचे प्रसंग

जुलै १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांचे 'हुमाने विते' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. कृत्रिम संततिनियमनाला त्यात मनाई असल्याने जगभर मतभेद उफाळले. भारत सरकार तेव्हा कुटुंबनियोजनाचा जोरदार प्रचार करीत होते, त्यामुळे येथील धर्मगुरूंपुढचा प्रश्न अधिक अवघड होता. ही शिकवण अस्खलनशील व्याख्येच्या स्वरूपात जाहीर झालेली नसली, तरी ती ऐच्छिक सल्लाही नव्हती.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेला दुसरा प्रसंग फादर अँथनी डिमेलो यांचा. मुंबईत जन्मलेल्या डिमेलो यांची लोणावळ्यातील 'साधना' संस्था आणि त्यांच्या बोधकथा जगभर गाजल्या. अनेक प्रवचनांतही त्या सांगितल्या जात. त्यांचे १९८७ मध्ये निधन झाले. २४ जून १९९८ च्या अधिसूचनेत रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने त्यांच्या काही मतांना कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरवले. आक्षेप ईश्वर व ख्रिस्त यांच्याविषयीच्या काही प्रतिपादनांवर होता आणि सुरुवातीच्या लेखनातील आध्यात्मिक मूल्य अधिसूचनेतही मान्य केलेले होते. हा भेद न सांगता केवळ 'बंदी' असा शब्द वापरल्याने भाविकांचा गोंधळ वाढतो.

भाविकांचे स्थान

कॅथलिक भाविक हा केवळ श्रोता नाही. कलम २१२ नुसार आपल्या ज्ञान व पात्रतेनुसार चर्चच्या हिताविषयीचे मत धर्मगुरूंना व बिशपांना कळवण्याचा हक्क, आणि प्रसंगी कर्तव्यही, त्याला आहे. प्रवचन लांबते ही तक्रार तर पोप फ्रान्सिस यांनीही उचलून धरली. जून २०२४ मध्ये त्यांनी आठ मिनिटांची मर्यादा सुचवली.

जेथे रविवारी धर्मगुरू पोहोचू शकत नाही, तेथील उपासनेसाठी रोमने १९८८ मध्ये मार्गदर्शिका काढली. अशा ठिकाणी प्रापंचिक व्यक्ती वाचने व प्रार्थना चालवू शकते. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने प्रवचन आधी लिहून पाठवावे आणि त्या व्यक्तीने ते जमलेल्यांना वाचून दाखवावे, अशी शिफारस या मार्गदर्शिकेत आहे.