रात्री हाक कुणाला मारायची?

रानात कुणाला साप चावला, तर काय करायचं हे आज आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळकरी पोरीलाही माहीत आहे. 108 ला फोन लावायचा. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तरी तेच. पण रात्री अकरा वाजता शेजारची सून भिंतीकडे तोंड करून बसली आहे, दोन दिवस जेवली नाही, आणि "मला आता जगायचं नाही" असं म्हणते आहे. अशा वेळी हाक कुणाला मारायची? बहुतेक घरांत याचं उत्तर नसतं. उत्तर का नाही, आणि ते मिळवण्यासाठी कुठं काय झालं, याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. हा इतिहास राजेमहाराजांचा नाही, पण तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो.

पूर्वी मन बिघडलं की घरातलेच सांभाळायचे. नाहीतर देवरुषी, भगत. वारं लागलं, बाहेरची बाधा झाली असं म्हणून अंगारा, उतारा आणि कधी कधी मार. आजही हे संपलेलं नाही. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला दोरीनं बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 पासून कायद्यानं गुन्हा आहे.

सरकारनं या प्रश्नात पहिल्यांदा हात घातला तो मदतीसाठी नव्हे, बंदोबस्तासाठी. इंग्रजांच्या 1912 च्या कायद्यात मनोरुग्णाला "वेडा" म्हटलं होतं आणि पहिलं काम पोलिसांना दिलं होतं. रस्त्यात भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं आणि हुकूम घेऊन इस्पितळात पाठवायचं. आपल्या बाजूला ते इस्पितळ म्हणजे येरवडा. कात्रजचा घाट उतरून, सगळं पुणं ओलांडून पलीकडं. "येरवड्याला पाठवा" हे वाक्य आपल्या बोलण्यात शिवीसारखं शिरलं, ते यामुळंच. येरवड्यात अडीच हजारांवर खाटा. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी धरून सरकारी मनोरुग्णालयं चार. सगळ्या महाराष्ट्राची भिस्त या चार दारांवर. आणि ही दारं माणूस पार कोलमडल्यावरच दिसायची. त्याआधीच्या रात्री कुणी यायचं नाही.

दुसरी अडचण भीतीची. 1860 च्या दंडसंहितेत 309 हे कलम होतं. जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे दुःखानं मोडलेल्या माणसावर वरून खटला. त्यामुळं घरचे दवाखान्यात खोटं सांगायचे, "चुकून औषध पोटात गेलं." खोटं सांगितलं की पोटावर उपचार व्हायचे, मनावर नाही. बाई घरी परत यायची ती त्याच घरात, त्याच दुःखात.

या कलमाला मोठा धक्का दिला तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाला अपघातानंतर मानसिक आजार जडला होता. त्यानं महापालिकेच्या दारात स्वतःला संपवायचा प्रयत्न केला आणि त्याच्यावरच खटला भरला गेला. 1986 साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं हे कलमच घटनेच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. अशा माणसाला तुरुंगाची नाही, उपचाराची गरज आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. पुढं 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम पुन्हा वैध ठरवलं. म्हणजे पाऊल पुढं पडलं आणि मागं आलं. अखेर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि मे 2018 पासून लागू झाला. त्याचं 115 वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता आली, तिच्यात जुनं 309 कलम राहिलंच नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर तेवढा गुन्हा राहिला आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आता दवाखान्यात खरं सांगायला घाबरू नका. खरं सांगितलं, तरच पुढचा उपचार होतो.

आता इस्पितळ गावाकडं कसं सरकलं ते पाहू. 1982 मध्ये देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग झाला. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून तयार केले, तर मनाचे उपचार गावाजवळ देता येतात, हे तिथं दिसलं. त्याच धर्तीवर 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पण गती संथ होती. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयघराला आग लागली. साखळदंडानं बांधलेली 28 माणसं जळून गेली. त्यांना पळताही आलं नाही. देश हादरला. आजच्या कायद्यात मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे.

मग फोन आला. 1953 साली लंडनमध्ये चाड वारा नावाच्या एका पाद्र्यानं जीव नकोशा झालेल्या माणसांसाठी एक फोन नंबर जाहीर केला. लोक भेटायला येऊ लागले आणि बाहेरच्या खोलीत चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होऊ लागलं. शांतपणे ऐकून घेणं हीसुद्धा मदत आहे, हे तिथून जगाला कळलं. आपल्याकडं 10 ऑक्टोबर 2022 ला सरकारनं टेलिमानस ही सेवा सुरू केली. नंबर 14416. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच लिहून घ्या.

पण फोनवरचा माणूस दार उघडून आत येऊ शकत नाही. त्यासाठी गाडी लागते. अमेरिकेत युजीन नावाच्या शहरात 1989 मध्ये अशी गाडी सुरू झाली. तिच्यात पोलीस नव्हे, तर एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समजूत घालणारा कार्यकर्ता असायचा. हातात शस्त्र नाही. तीसहून जास्त वर्षं ती चालली आणि 2025 मध्ये पैशांअभावी त्या शहरात थांबली. चांगलं काम नुसत्या चांगुलपणावर टिकत नाही, त्यामागं दरवर्षीची पक्की तरतूद लागते, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रात 108 च्या रुग्णवाहिका 2014 पासून धावतात, 937 गाड्यांनी सुरुवात झाली. आणि 2017 चा कायदा स्पष्ट म्हणतो की शरीराच्या आजाराला जशी रुग्णवाहिका मिळते, तशीच, त्याच दर्जाची मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे. जिवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञच असायला हवं असं नाही. पोलिसांना कुणी आजारी माणूस भटकताना सापडला, तर त्याला 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

कागदावर हे सगळं आहे. पण हिरडस मावळात किंवा वेळवंड खोऱ्यात, नाहीतर वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरातल्या वाडीवर जुलैच्या पावसात गाडी पोहोचायला वेळ लागतो. फोनची रेंज मिळायला टेकाडावर जावं लागतं. त्या मधल्या तासात तिच्याजवळ कोण असतं? शेजारीण असते. म्हणजे आपण.

शेजारणीनं काय होतं, याचा पुरावा विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत संगाथ संस्थेच्या पुढाकारानं विश्राम नावाचा उपक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते शिकून तयार झाले. ते घरोघरी बोलले, ऐकलं, गरज पडली तिथं डॉक्टरांपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्या शंभरातली जेमतेम चार माणसं आधी मदत घ्यायची. दीड वर्षानं ती सत्तावीस झाली. मनात जीव द्यायचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. 2015 मध्ये राज्य सरकारनं 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही घरोघरी जाणारी होती आशाताईच.

हा प्रश्न बायकांचा का, असं कुणी विचारलं तर एक आकडा सांगा. 2021 मध्ये देशात 45,026 स्त्रियांनी जीव दिला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. चुलीपुढच्या, गोठ्यातल्या, आपल्यासारख्या.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. 14416 आणि 108 हे नंबर गटाच्या वहीत, अंगणवाडीत, शाळेच्या भिंतीवर लिहा. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर चेष्टा करू नका, रागावू नका. सरळ विचारा, "बाई गं, जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटी सोडू नका, पाळीपाळीनं बसा. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलूप लावून ठेवा. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत 70 टक्क्यांच्या आसपास उतरलं. ती घडी टळली की माणूस वाचतो, हेच त्यातून दिसतं. घरात मारहाण हे कारण असेल, तर 181 वर महिला हेल्पलाइन आहे.

आणि ग्रामसभेत उभ्या राहून विचारा. आपल्या आरोग्य केंद्रात मनाच्या आजाराची औषधं आहेत का? जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक आपल्या तालुक्यात कोणत्या दिवशी येतं? रात्री 108 ला फोन केला, तर मनाच्या आजारासाठी गाडी येईल ना? उत्तर ठरावात लिहून घ्या, पुढच्या सभेत पुन्हा विचारा. पोलीस आणि मॅजिस्ट्रेटपासून फोन आणि रुग्णवाहिकेपर्यंत यायला या देशाला शंभरावर वर्षं लागली. उरलेला रस्ता तुमच्या वाडीचा आहे, आणि तो तुमच्याइतका कुणाला माहीत नाही.