रेडिओ कोणी शोधला?

श्रोतेहो, परवा एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. गुरुजींनी सातवीच्या वर्गाला विचारले, “रेडिओचा शोध कोणी लावला?” मुले एका सुरात म्हणाली, “मार्कोनीने!” मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “पण आमचे आजोबा सांगतात, जगदीशचंद्र बोसांनी!” गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. तेव्हा जे सांगितले, तेच आज सांगतो.

विहिरीचेच पाहा ना. जागा एक हेरतो, खणतो दुसरा, बांधून काढतो तिसरा. मग पाणी कोणी आणले म्हणायचे?

विजेच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात, हे मॅक्सवेलने 1864 साली गणिताने मांडले. 1887-88 मध्ये जर्मनीत हर्ट्झने त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या. 1890 साली फ्रान्सच्या ब्रांलीने पाहिले की, जवळपास ठिणगी पडली की नळीतला धातूचा कीस वीज वाहू देतो. झाले, लहर ओळखायचे साधन मिळाले! तशाच साधनाने 1894 मध्ये लॉजने ऑक्सफर्डला लहरी टिपून दाखविल्या. 7 मे 1895 रोजी रशियात पोपोव्हने आकाशातल्या विजा दुरून टिपणारे यंत्र दाखविले. त्याच सुमारास कलकत्त्यात बोसांनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली, बंदुकीची दारू पेटविली. मध्ये तार नव्हती.

मार्कोनीने 1896 साली इंग्लंडात पेटंटसाठी अर्ज केला. 12 डिसेंबर 1901 रोजी इंग्लंडातून निघालेले तीन टिंबांचे एक अक्षर आपण न्यूफाउंडलंडला ऐकले, असे त्याने जाहीर केले. तिथे त्याने वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकासारखीच रचना बोसांनी 1899 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेली होती! बोसांना मात्र पेटंटाची हौस नव्हती. मित्रांच्या आग्रहाखातर अमेरिकेत एक घेतले, ते 1904 साली मिळाले.

आता एक गैरसमज. 1943 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रेडिओचा मान मार्कोनीकडून काढून टेस्लाला दिला, असे पुष्कळजण सांगतात. तसे झाले नाही. लॉज, टेस्ला व स्टोन यांचे काम आधीचे, म्हणून मार्कोनीच्या एका पेटंटातले लहरी जुळविण्याविषयीचे मुख्य दावे कोर्टाने रद्द केले. संदेश पाठविण्याचे पहिले यश कोणाचे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

शिवाय हे सारे टिंब-रेघांचे संदेश. माणसाचा आवाज बिनतारी धाडण्याचा प्रयत्न फेसेंडेनने 1900 साली साधला, तोही मैलभरच.

मग त्या मुलाचे आजोबा चुकले का? नाही. आणि वर्गही सर्वस्वी चुकला नाही. लहरींचे सूक्ष्म ज्ञान बोसांनी वाढविले. समुद्रापार संदेश नेण्याचा धंदा मार्कोनीने उभा केला. आपला माणूस मोठा ठरावा म्हणून दुसऱ्याला चोर म्हणण्याचे कारण नाही. आणि परक्याचे नाव पुस्तकात छापलेले आहे म्हणून आपल्या माणसाला विसरण्याचेही नाही.

शिक्षकबंधूंना एवढीच विनंती : “कोणी शोधला?” याऐवजी “कोणी काय केले?” असे विचारून पाहा. एका नावाचे उत्तर पाठ होते; दुसऱ्या प्रश्नाला मात्र मुलांना विचार करावा लागतो.