साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे भारतातून एखादा तरी फोन येतोच. "फायनान्सच्या मास्टर्सला अर्ज करतोय, निबंध जरा बघून देता का?" गेल्या वर्षी तो फोन पुण्याहून माझ्या भाच्याचा होता. जीमॅट झाली होती, शिफारसपत्रांसाठी सरांच्या मागे लागणं चालू होतं, ताईने कर्जासाठी घराची कागदपत्रं काढून ठेवली होती. उरला होता तो 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. त्यातलं पहिलंच वाक्य होतं की, मला लहानपणापासून शेअर बाजाराची विलक्षण आवड आहे.

"मामा, कसं वाटलं?"

"इंग्रजी छान आहे रे. पण तू कशासाठी निघालायस, ते काही कळलं नाही."

तो हिरमुसला. मग मी त्याला एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तो विद्यार्थी आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्याकडे आपण 'परदेशी फायनान्स शिकायला गेलेला मराठी मुलगा' म्हणून क्वचितच बघतो.

सन १९१३. भीमराव आंबेडकर मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले होते, बडोदा संस्थानात नोकरीला लागले होते आणि फेब्रुवारीत त्यांचे वडील रामजी वारले. घरात मिळवतं माणूस हवं होतं. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. आज आपली मुलं दहा-दहा वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन विमानात बसतात; तेव्हा हप्त्याऐवजी आयुष्याची वर्षं लिहून द्यावी लागली, एवढाच फरक.

काय शिकणार, असं महाराजांनी विचारल्यावर त्यांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः पब्लिक फायनान्स, म्हणजे सरकारी जमाखर्चाचं शास्त्र, असं उत्तर दिल्याचं चरित्रकार सांगतात. बावीस वर्षांच्या मुलाने हाच विषय का निवडावा, याचं उत्तर पुढच्या दहा वर्षांत त्यांनी लिहिलेल्या प्रबंधांमध्ये मिळतं.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. मिळणाऱ्या पैशांतून काही घरी पाठवायचे आणि उरलेल्यात भागवायचं. हे गणित आपल्यातल्या अनेकांनी केलेलं आहे. कोलंबियात त्यांना एडविन सेलिग्मन भेटले, करपद्धतीचे त्या काळचे नामवंत अभ्यासक. १९१५ साली एम.ए.साठी आंबेडकरांनी विषय घेतला ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचं अर्थकारण. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कंपनीच्या चोपड्या उघडल्या. १८३३ च्या कायद्याने भागधारकांना साडेदहा टक्के लाभांशाची हमी मिळाली होती आणि तो द्यायचा होता भारताच्या महसुलातून. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं, पण तिचं कर्ज भारताच्याच माथी राहिलं. ज्या लढायांनी देश जिंकला, त्यांचा खर्चही जिंकलेल्यांनीच भरायचा!

पुढच्या संशोधनाचा विषय होता प्रांतिक वित्तव्यवस्था: कलकत्त्याचं आणि पुढे दिल्लीचं केंद्र सरकार आणि मुंबई, मद्रास यांसारखे प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला. गोळा कोणी करायचा, खर्च कोणी करायचा, जाब कोणाला द्यायचा? हे पुस्तक १९२५ मध्ये निघालं, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि ते अर्पण केलं आहे सयाजीरावांना.

पण मधली वाट सरळ नव्हती. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी हातात होती. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तकं बोटीबरोबर बुडाली. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, तर कोलंबियाच्या या पदवीधराला जातीमुळे गावात राहायला जागा मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, न्यूयॉर्कमधल्या दिवसांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो नव्याने सादर करून १९२३ मध्ये पदवी मिळाली.

तो प्रबंध म्हणजे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. १८७० च्या सुमाराला रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता, वीसेक वर्षांत चांदी घसरली आणि तो सव्वा शिलिंगावर आला. सोन्याशी विनिमयाने बांधलेली जी चलनव्यवस्था पुढे भारतात आली, तिचं केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात समर्थन केलं होतं. आंबेडकरांनी तिला विरोध केला: सरकारच्या हाती हवे तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक राहिली, तर रुपयाची किंमत टिकणार नाही. आणि ती घसरली की महागाई वाढते, मजुरी त्या वेगाने वाढत नाही. व्यापाऱ्याचा फायदा मजुराच्या खिशातून येतो.

हे मी भाच्याला सांगत होतो आणि मलाच थोडं अवघडल्यासारखं झालं. घरी पैसे पाठवताना रुपया घसरलेला दिसला की आपण खूश होतो. चांगला रेट मिळाला, म्हणतो. तो रेट कोणाच्या बाजारहाटातून आला, हे कधी विचारत नाही.

म्हणून मला वाटतं, त्यांचे तिन्ही विषय खरं तर एकच होते. पैसे कोण भरतो, फायदा कोणाला होतो, आणि हिशेब कोण मागू शकतो? हिशेब मागण्याचा हक्कच ज्या समाजाला नव्हता, त्यातल्या मुलाने हिशेबाचं शास्त्र निवडलं.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या आजोबांच्या ठेवी गावातल्या पतसंस्थेत अडकल्यात, माहितीये ना? आबा अजून पासबुक जपून ठेवतात. एवढी वर्षं ऑडिट होत होतं, तरी कोणाला कसं कळलं नाही, हे मला आजवर समजलेलं नाही."

"हे लिहिलंस का निबंधात?"

"असलं लिहितात का कोणी?"

आठवड्याने नवा मसुदा आला. इंग्रजी आधीपेक्षा थोडं खडबडीत होतं. शेअर बाजार कुठेच नव्हता. सुरुवात आबांच्या पासबुकाने होती. मी फक्त दोन स्पेलिंगं दुरुस्त केली आणि परत पाठवला.