२८ फेब्रुवारी, रमण यांचा प्रकाश आणि आपल्या ओठातला खर्रा

दिघोरीच्या भावांनो, २८ फेब्रुवारीला पोरांच्या शाळेत विज्ञान दिन असतो. त्या तारखेची अर्धीच गोष्ट आपल्याला ठाऊक आहे.

२८ फेब्रुवारी १९२८. कोलकात्यात सी. व्ही. रमण यांना दिसलं की एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला, तर त्यातला अगदी थोडा अंश रंग बदलून परत येतो. तो बदल सांगतो, पदार्थ कशाचा बनलाय. १९३० साली नोबेल मिळालं.

२८ फेब्रुवारी १९४१. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं.

या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे कितीतरी वर्षं गेली. टाटा मेमोरियलच्याच खारघर इथल्या अ‍ॅक्ट्रेक संशोधन केंद्रात डॉ. मुरली कृष्ण यांच्या गटाने गालाच्या आतल्या बाजूवर लेसर टाकून परत येणारा प्रकाश तपासला. निरोगी जागी चरबीची खूण ठळक, कर्करोगाच्या जागी प्रथिनांची. कर्करोगाआधीचे चट्टेही असे ओळखता येतात, हे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. शेवटचा निकाल अजूनही तुकडा काढून केलेल्या तपासणीचाच, पण कुठे संशय घ्यायचा हे प्रकाश सांगतो.

त्याच २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. अन् आपण काय केलं? पन्नीत घोटलेला खर्रा खालच्या ओठात दाबला! सुपारी, तंबाखू, चुना तासन्‌तास जिथे बसतो, तिथेच पांढरा-लाल चट्टा उठतो. तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. आपण म्हणतो, "काही नाही बा, उष्णता झाली."

लेसर आपल्या गावात कधी येईल तेव्हा येवो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तर प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन साध्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. हा निष्कर्ष २००५ चा आहे.

म्हणून म्हणणं एवढंच: येत्या विज्ञान दिनी गावात तोंड तपासणी ठेवा. तोवर आज घरी आरसा घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा, खालचा ओठ उलटवून पहा. दोन आठवड्यांत न जाणारा चट्टा किंवा जखम दिसली, तर थेट सरकारी दवाखाना गाठा. पानठेला नंतर. खरं तर नकोच.